१ मेच्या फलकावर पहिलं नाव कोणाचं? कूपर, खेर की यशवंतराव?

पाटीवाला

आमच्या गावच्या वाचनालयाच्या (सातारा जिल्हा) पायऱ्या चढल्या की उजव्या हाताला एक मोठी कोरी भिंत आहे. तिथे राज्याच्या आजवरच्या मुख्यमंत्र्यांचा फलक लावायचा, असा ठराव कार्यकारिणीत एकमताने झाला. एकमत तेवढ्यापुरतंच. पेंटर ओळीमागे पैसे घेतो, म्हणून आधी ओळी मोजायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडली.

काहींचं म्हणणं, १ मे १९६०, यशवंतराव चव्हाण, संपला विषय. काही म्हणतात बाळासाहेब खेरांना सोडून कसं चालेल. मी तिसराच निघालो. माझ्या मते पहिली ओळ सर धनजीशा कूपर यांची, १ एप्रिल १९३७.

नाव ऐकून सभेत दोन-तीन जण हसले. आमच्या भागात कूपर म्हटलं की नांगर. माझ्या गोठ्यामागे अजून एक गंजलेला लोखंडी नांगर पडलाय. माती खरवडून ओतीव अक्षरांवरून बोट फिरवलं की नाव लागतं. सातारारोडच्या कारखान्यातला माल. सभेला आम्ही अकरा जण होतो. नांगर सगळ्यांना ठाऊक, पण हा माणूस मुंबई इलाख्याचा पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखालाही हेच म्हणत) होता हे माझ्याशिवाय एकालाच माहीत होतं, आणि तोही गप्प बसला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली, अंमल १ एप्रिल १९३७ पासून. त्याआधीच्या द्विदल पद्धतीत मंत्री असायचे, पण त्यांच्याकडे शिक्षण, आरोग्य अशी 'सोपीव' खाती. तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरच्या माणसांकडे. मंत्र्यांचा म्हणून कोणी प्रमुख नव्हता. तो १९३७ ला आला. निवडणुकीत मुंबईच्या विधानसभेत १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळेपर्यंत सत्ता घ्यायची नाही, असं काँग्रेसने ठरवलं होतं. मग गव्हर्नरने कूपर यांना बोलावलं. त्यांच्या मंत्रिमंडळात जमनादास मेहता होते. जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने सत्ता स्वीकारायला मोकळीक दिली आणि १९ जुलै १९३७ ला खेर आले.

म्हणजे साडेतीन महिने का होईना, खुर्चीत पहिला बसलेला माणूस सातारचा. आणि सातारच्याच वाचनालयात त्याला ओळ नाही? १ मेच्या आत पेंटरला मजकूर द्यायचाय. बोला.

खादीचा_झब्बा

पाटीवाले, नांगराचं प्रेम समजू शकतो, पण त्याला फलकावर ओढू नका. कूपर यांच्यामागे बहुमत नव्हतं, मिळण्याची शक्यताही नव्हती. गव्हर्नरने बसवलेलं ते हंगामी मंत्रिमंडळ. विधानसभेला तोंड द्यायची वेळ येण्याआधीच गेलं. लोकांनी ज्यांना कौल दिला ते बाहेर बसलेले आणि ज्यांना दिला नाही ते आत. घरमालक येईपर्यंत किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली, तर सातबाऱ्यावर शेजाऱ्याचं नाव चढवणार का?

पहिले खेर. १९३७ ते १९३९ आणि पुन्हा १९४६ ते १९५२. कूळ कायद्याची सुरुवात १९३९ ची, दारूबंदीचा मुंबईतला पहिला प्रयोग १ ऑगस्ट १९३९ चा, सत्याग्रहात सरकारजमा झालेल्या जमिनी परत केल्या त्या याच मंत्रिमंडळाने. मंत्र्यांचा पगार महिना ५०० रुपये. राज्य चालवणं म्हणजे काय ते तिथे दिसतं. कूपर यांच्या साडेतीन महिन्यांतलं एक काम सांगा.

कायदेकानू

दोघेही थांबा जरा. आधी कुठल्या पदाची यादी करताय ते ठरवा.

१९३५ च्या कायद्यात 'पंतप्रधान' हा शब्दच नाही. गव्हर्नरला सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल, एवढंच त्यात आहे. त्यातल्या प्रमुखाला प्रीमियर, पंतप्रधान, मुख्य प्रधान म्हणायचं, हा वहिवाटीचा भाग. 'मुख्यमंत्री' हे पद कायद्यात आलं राज्यघटनेने, कलम १६३ आणि १६४, २६ जानेवारी १९५०. त्या दिवशी खुर्चीत खेर होते. रात्री झोपताना पंतप्रधान, सकाळी उठले ते मुख्यमंत्री. खुर्ची तीच, दालन तेच.

तेव्हा फलकाच्या डोक्यावर 'मुख्यमंत्री' लिहिणार असाल तर काटेकोरपणे पहिली ओळ खेर, १९५०. 'प्रांताचे शासनप्रमुख' असं काही लिहिणार असाल तर कूपर यांना टाळता येत नाही. शीर्षक ठरलं की पहिलं नाव आपोआप ठरतं.

टवाळ_पोपट

'मुख्य प्रधान' चालत असेल तर मोरोपंत पिंगळ्यांपासून सुरू करा की. पेंटरचं कल्याण होईल.

निवृत्त_कारकून

मी ३३ वर्षं फायली हलवल्या. साधी गोष्ट सांगतो. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं. जे मूल जन्मलंच नव्हतं त्याचे मास्तर कोण होते, हा प्रश्न कशाला? पहिले यशवंतराव. मग कन्नमवार, मग वसंतराव नाईक. शाळेत हेच शिकवलं, स्पर्धा परीक्षेत हेच विचारतात. वाचनालयात परीक्षेची पोरं बसतात ना? त्यांच्या डोक्यात घोळ घालू नका.

कायदेकानू

काका, फायलीवाल्याने तरी असं म्हणू नये. १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा काढून कलम ३ बघा. नवं राज्य म्हणून स्थापन झालं ते गुजरात. तो भाग वजा केल्यावर उरलेल्या मुंबई राज्याला यापुढे महाराष्ट्र म्हणावं, असं तिथे लिहिलंय. कायद्याच्या नजरेत १ मे १९६० ला महाराष्ट्र जन्मला नाही, मुंबई राज्याचं बारसं दुसऱ्यांदा झालं. यशवंतराव ३० एप्रिललाही मुख्यमंत्री होते, १ मेलाही. आमदारही १९५७ ला निवडून आलेलेच, गुजरातचे तेवढे तिकडे गेले. गुजरातच्या यादीत पहिले डॉ. जीवराज मेहता, तेही आदल्या दिवसापर्यंत यशवंतरावांच्याच मंत्रिमंडळात होते.

आणि एक राहिलं. तुम्ही कन्नमवारांवरून थेट नाईकांवर उडी मारलीत. मधले बाळासाहेब सावंत कुठे गेले? २४ नोव्हेंबर १९६३ ला कन्नमवार पदावर असतानाच वारले. २५ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पी. के. सावंत होते. दहा दिवस.

निवृत्त_कारकून

सावंत हंगामी होते.

पाटीवाला

हंगामी म्हणून सावंत वगळायचे असतील तर वर्तमानपत्रातले आकडे चुकतील, काका. मी परवा बोटं मोजून पाहिलं. १९६० पासून, परत आलेल्यांना एकदाच धरलं तर एकनाथ शिंदे विसावे येतात. उद्धव ठाकरे एकोणिसावे, देवेंद्र फडणवीस अठरावे. बातम्यांतही हेच आकडे येतात. पण हे जमतं सावंतांना धरलं तरच. म्हणजे दहा दिवसांच्या हंगामी माणसाला सगळ्यांनी गुपचूप मोजलेलंच आहे.

झब्बेवाल्यांना आता उत्तर. बहुमत नव्हतं, विधानसभेला तोंड दिलं नाही, म्हणून कूपर बाद, असा तुमचा नियम. मग २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीचं काय करू? बहुमताच्या चाचणीआधीच राजीनामा. ते सरकार यादीतून काढायचं? मी तरी काढणार नाही. शपथ झाली, कागदावर सही झाली, की नाव लागतं. चांगलं की वाईट ते वाचणारा ठरवेल.

काम विचारलंत. काम नाहीच सांगता येत, मान्य. पण हा फलक प्रगतिपुस्तक नाही.

खादीचा_झब्बा

२०१९ चं उदाहरण बिनतोड आहे असं समजू नका. तिथे त्याच पक्षाला सर्वांत जास्त जागा होत्या आणि तेच नेते आधी पाच वर्षं मुख्यमंत्री होते. कूपर यांच्या वेळी सर्वांत मोठा पक्ष बाहेर होता. परकीय सत्तेचा गव्हर्नर आणि आपला राज्यपाल यांत फरक आहे की नाही? (आता 'फारसा नाही' असं कोणीतरी म्हणेलच. म्हणा.)

टवाळ_पोपट

फारसा नाही.

वऱ्हाडी_बाणा

वा. इथेपर्यंत वाचलं. १९३७ म्हणे, कूपर म्हणे, खेर म्हणे. अन् आमचं काय? १९३७ ला नागपूर मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं. तिथेही एप्रिल ते जुलै असंच हंगामी मंत्रिमंडळ होतं, ई. राघवेंद्र राव यांचं. मग १४ जुलै १९३७ ला पंतप्रधान झाले नागपूरचे डॉ. ना. भा. खरे. म्हणजे खेरांच्या पाच दिवस आधी एक मराठी माणूस काँग्रेसचा पंतप्रधान झाला होता. किती जणांनी नाव ऐकलं होतं? हात वर करा.

त्यांची गोष्ट तुमच्या त्या पहाटेच्या शपथविधीपेक्षा रंगतदार आहे. मंत्रिमंडळात मराठी भागातले आणि महाकोशलचे हिंदी भागातले असे दोन तट. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी काय केलं, आपल्या गोटातल्या दोघांना घेऊन स्वतःच राजीनामा दिला, म्हणजे अख्खं मंत्रिमंडळ पडेल आणि नवं करताना नकोसे वगळता येतील. महाकोशलच्या तिघांनी राजीनामा द्यायला साफ नकार दिला, पक्षश्रेष्ठींना विचारल्याशिवाय नाही म्हणाले. रात्रभर निरोपांची धावपळ. गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ केलं आणि सकाळी खऱ्यांचं नवं मंत्रिमंडळ हजर. श्रेष्ठी चिडले. वर्ध्याला बोलावणं आलं, दोन-तीन दिवसांत खऱ्यांना ते नवं मंत्रिमंडळही सोडावं लागलं. त्यांच्या जागी आले रविशंकर शुक्ल, ज्यांना बडतर्फ केलं होतं त्यातलेच एक. गव्हर्नरशी परस्पर संधान बांधलं, हा खऱ्यांवर ठपका. खरे पुढे काँग्रेसच्या बाहेर गेले, अलवर संस्थानचे पंतप्रधानही झाले.

शुक्ल १९४६ ला परत आले आणि १९५६ पर्यंत राहिले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा मुख्यमंत्री नागपुरात बसायचा. नागपूर राजधानी होतं, भाऊ. ते देऊन आम्ही तुमच्यात आलो, बदल्यात हिवाळी अधिवेशन मिळालं. तर १९३७ पासूनच्या फलकावर खेर, मोरारजी लिहून खरे, शुक्ल लिहिणार नसाल तर तो फलक महाराष्ट्राचा नाही. मुंबई इलाख्याचा लावा, तसं वर लिहा.

पाटीवाला

बाणाभाऊ, हात खाली आहे माझा. शुक्ल माहीत होते, खरे नव्हते. खेर आणि खरे, एका मात्रेचा फरक. पेंटरला द्यायची माझी तर छाती नाही.

गिरगावची_नात

मी उशिरा येतेय, पण एका नावावर कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. मोरारजी देसाई.

१९३७ पासून यादी केली की १९५२ ते १९५६ या ओळीवर ते येणार. १ मेच्या दिवशी त्या फलकाला हार घालणार तुम्ही. माझे आजोबा गिरणीत होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात होते, त्यांच्यापासून काही हातांवर माणसं पडली. त्या एका दिवसात पंधरा. जानेवारीत पुन्हा गोळीबार झाला. आजोबा १ मेला हुतात्मा चौकात न चुकता जायचे. घरून निघताना पायात चप्पल घालत नसत, उन्हात डांबर तापलेलं असलं तरी. मी लहान होते, मला खांद्यावर घेत. ज्या सरकारच्या गोळ्यांनी १०५ जण गेले (पुढे आकडा १०७ वर गेला), त्या सरकारच्या प्रमुखाचं नाव महाराष्ट्र दिनाच्या फलकावर? कायद्याचं कलम ३ काय म्हणतं ते मला सांगू नका. राज्य कलमाने नाही मिळालं.

म्हणून माझं मत १९६०. कोण पहिला हे ठरवण्यासाठी नाही, कोण नको हे ठरवण्यासाठी.

निवृत्त_कारकून

ताई, नमस्कार. माझ्या मनातलं बोललात, मला नीट मांडता आलं नाही.

कायदेकानू

ताई, कलम सांगत नाही. पण एक विचारतो. ती ओळ नसली, तर वाचनालयात आलेल्या पोराला गोळीबार कोणाच्या राज्यात झाला हे कुठून कळणार? फलक १९६० ला सुरू झाला की असं वाटतं, कुठून तरी मंगलकलश आला आणि यशवंतराव बसले. मधली चार वर्षं पुसली जातात, आणि ती पुसली जाणं कोणाच्या सोयीचं आहे? मला तर वाटतं ती ओळ ठळक हवी. मोरारजी १९५२ ला स्वतः निवडणूक हरले होते, तरी मुख्यमंत्री झाले, हेही लोकांना माहीत असायला हवं.

आणि यशवंतरावांचं तरी काय? १ नोव्हेंबर १९५६ ला ते ज्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेच राज्य संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना नको होतं. भाऊसाहेब हिऱ्यांना पक्षातल्या लढतीत हरवून ते त्या खुर्चीवर बसले. १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला पार झोपवलं. ते साडेतीन वर्षं विरोधकांच्या शिव्या खात होते. १९६० ला यादी सुरू केली की त्यांचंही अर्धं चरित्र कापलं जातं.

गिरगावची_नात

यशवंतरावांची आणि मोरारजींची एका वाक्यात मोट बांधू नका, कृपा करून. पोराला कळायला पुस्तकं आहेत. तुम्हीच म्हणता तसं वाचनालय आहे ते. भिंत वेगळी.

गोदाकाठचा

मराठवाड्यातून लिहितोय. तुमची १९३७ ची चर्चा वाचताना परक्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ बघितल्यासारखं वाटतंय.

१९३७ ला आमच्याकडे कसली निवडणूक आणि कसला पंतप्रधान. निजामाचे सदर-ए-आझम होते, सर अकबर हैदरी. त्यांना आमच्या पणजोबांनी निवडून दिलं नव्हतं आणि काढूनही टाकता येत नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर लष्करी गव्हर्नर, जनरल जयंतनाथ चौधरी. मग वेल्लोडी, तेही आयसीएस अधिकारी. लोकांच्या मतावर आलेला पहिला मुख्यमंत्री मिळाला १९५२ ला, बुर्गुला रामकृष्णराव. खेरांनी पहिल्यांदा शपथ घेतली त्यानंतर पंधरा वर्षांनी. आणि राज्याच्या मुख्यमंत्रिपदी मराठवाड्याचा माणूस, शंकरराव चव्हाण, बसायला १९७५ उजाडलं.

मी १९६० किंवा १९५६ या दोन्हींना तयार आहे. १९५६ जास्त बरोबर, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला पहिल्यांदा पुणे, नागपूर आणि औरंगाबाद एका मुख्यमंत्र्याखाली आले. त्याआधीचा कोणताही 'पहिला' हा कोणाचा तरी पहिला आहे, सगळ्यांचा नाही.

पंचगंगेचा_पैलवान

कोल्हापूरचं पण धरा की राव. आम्ही १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात आलो. तोवर आमचं दरबारी खातं वेगळं.

बेळगावकर

मी उलट्या बाजूने बोलतो. हे इथे कोणाला आवडेल न आवडेल.

बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. धारवाड, विजापूर, कारवारही. म्हणजे कूपर, खेर, मोरारजी हे माझ्या आजीचे मुख्यमंत्री. आजीच्या ट्रंकेत एक रेशनकार्ड होतं, वर 'मुंबई सरकार' असं छापलेलं. कागद घडीवर फाटत आलेला. त्यानंतरची सगळी कार्डं दुसऱ्या सरकारची. गोदाकाठच्यांना १९५६ ला तुम्ही मिळालात, त्याच तारखेला, त्याच दिवशी, आम्ही गेलो. एकाच रात्रीत यादी अदलाबदल झाली.

तुम्ही १९५६ किंवा १९६० पासून सुरू केलंत तर त्या फलकावर आमच्याशी नातं असलेलं एकही नाव राहत नाही. १९३७ पासून केलंत तर पहिल्या तीन ओळी आमच्याही आहेत. मोरारजींसकट. ताईंचं दुःख मोठं आहे, मी त्यावर काही म्हणत नाही. फक्त एवढंच, आमच्याकडे तेवढ्या तीनच ओळी आहेत.

जाता जाता, १९५८ ला म्हैसूरचे मुख्यमंत्री झालेले बी. डी. जत्ती आधी मुंबई सरकारात उपमंत्री होते. त्याच्याही आधी जमखंडी संस्थानाचे दिवाण. एका माणसाने तीन प्रकारची सरकारं बघितली, मतदारसंघ मात्र तोच आपला जमखंडीचा पट्टा.

वऱ्हाडी_बाणा

बेळगावकर, हे मनाला लागलं. माझा मुद्दा तुमच्या विरोधात नाही. मी म्हणतो आमची नावं वाढवा, तुमची कापा म्हणत नाही.

खादीचा_झब्बा

मलाही कूपर सोडून तीन ओळींवर आक्षेप नाही, म्हणजे दोन राहिल्या. विनोद बाजूला. त्या विधानसभेबद्दल एक सांगतो. १९३७ च्या त्या सभागृहात बाबासाहेब आंबेडकर होते, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून. १७ जागा लढवून १४ जिंकल्या होत्या. खोती रद्द करायचं विधेयक त्यांनी तिथे मांडलं. १९३८ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला मुंबईत मोठा संप झाला, त्यातही ते पुढे. मी मघाशी खेरांचं कौतुक केलं, त्यात हे सांगायचं राहिलं. कामगारांचा संप अवघड करणारा कायदाही त्यांचाच. आणि के. एफ. नरीमन यांना डावलून खेर नेते झाले, हा वाद गांधींच्या चौकशीपर्यंत गेला होता. नरीमन त्यात हरले.

पण हे सगळं सभागृहात, उघड्यावर, लोकांनी निवडलेल्या माणसांसमोर झालं. कूपर यांच्या काळात ते सभागृहच भरलेलं नव्हतं. मी माझ्या जागेवरून हलत नाही.

निवृत्त_कारकून

बेळगावकरांचं वाचून जरा वेळ काही लिहिलं नाही. माझी पहिली नेमणूक चंदगडला होती. बाजाराला बेळगावला जायचो, मराठीतच भाव व्हायचा. तरी पण फलक १९६० पासूनच असावा असं माझं मत कायम. मोरारजींमुळे.

पाटीवाला

काल कार्यकारिणीची पुन्हा बैठक झाली. तुमचं सगळं वाचून दाखवलं. गिरगावच्या ताईंचं वाचताना आमचे अध्यक्ष, वय ८१, मध्येच उठून बाहेर गेले. परत आले ते एवढंच म्हणाले, 'ओळ ठेवा, पण माझ्या हातून हार घालायला लावू नका.' त्यामुळे हाराचा कार्यक्रम रद्द. फलक लागेल, उद्घाटन नाही.

ठरलं ते असं. वर शीर्षक 'मुख्यमंत्री' नाही, 'शासनप्रमुख'. कायदेकानूंचं ऐकलं. भिंतीवर १९५६ पर्यंत तीन उभे रकाने: मुंबई, मध्य प्रांत-वऱ्हाड, हैदराबाद. मुंबईच्या रकान्यात पहिले कूपर, कंसात 'हंगामी'. हा झब्बेवाल्यांसाठी, आणि सावंतांनाही तोच कंस, न्याय सारखा. नागपूरच्या रकान्यात राघवेंद्र राव, खरे, शुक्ल. नोव्हेंबर १९३९ ते १९४६ मुंबई-नागपूर दोन्ही रकान्यांत एकच मजकूर, 'मंत्रिमंडळ नाही, गव्हर्नरची राजवट'. हैदराबादचा रकाना १९५२ पर्यंत कसा भरायचा यावर दीड तास गेला. निजामाच्या सदर-ए-आझमची नावं लिहायला आमचा एक सभासद तयार नव्हता, त्याचे वडील मुक्तिसंग्रामात होते. शेवटी तिथे 'लोकनियुक्त शासन नव्हतं' एवढंच लिहून पुढे बुर्गुला रामकृष्णराव. गोदाकाठच्यांना चालेल ना? १९५६ ला तीन रकाने एका ओळीत मिळतात. कोल्हापूरकर, तुमची १९४९ ची तळटीप आहे. बेळगावकर, मुंबईच्या रकान्याखाली '१९५६ पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवारसह' असं लिहायचं मी सुचवलं. मंजूर झालं, विरोध एक.

पेंटर मजकूर घेऊन गेला आणि तासाभरात फोन आला. कन्नमवार मधल्या 'न्न'चं काय करायचं हा एक प्रश्न. दुसरा असा, की १९७८ पासून १९८८ पर्यंत दहा वर्षांत पवार, अंतुले, भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव आणि परत पवार, हे बघून तो विचारतोय, फलकाच्या खाली रिकाम्या ओळी किती ठेवायच्या? रिकाम्या ओळीचे निम्मेच पैसे घेईन म्हणतो.

टवाळ_पोपट

दहा ठेवा. आणि खडू जवळ ठेवा.

गिरगावची_नात

मी पुढच्या महिन्यात सातारला येतेय, भाचीच्या बारशाला. वाचनालय किती वाजता उघडतं?

पाटीवाला

सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८. गुरुवारी बंद. या, अध्यक्षांना सांगून ठेवतो.